वर्गातला संगणक आणि ‘हात लावू नये’ ही चिठ्ठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांना किती संगणक मिळाले, किती वर्गांत प्रोजेक्टर बसले, याच्या बातम्या आपण सारेच वाचतो. त्यांपैकी किती यंत्रे तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत चालू होतात आणि न झाल्यास वर्गासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाने काय करायचे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. मी बरीच वर्षे माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. मी संगणकतज्ज्ञ नाही आणि होण्याची इच्छाही नाही. तरीही माझे ठाम मत झाले आहे की, वर्गातल्या संगणकाच्या रोजच्या अडचणींपैकी बहुतेक अडचणी कोणत्याही विषयाच्या शिक्षकाला दोन-तीन मिनिटांत, एकही स्क्रू न उघडता दूर करता येतात. त्यासाठी त्याला यंत्राला हात लावण्याची मुभा हवी आणि तो कोणत्या क्रमाने लावायचा हे कोणीतरी एकदा दाखवलेले असावे.

या मतामागे एक बुडालेला तास आहे. त्या दिवशी हृदयाचे कार्य शिकवायचे होते. झडपा कशा उघडतात आणि मिटतात हे दाखवणारी एक छोटी चित्रफीत मी आदल्या रात्री शोधून ठेवली होती. वर्गातला संगणक लावला, प्रोजेक्टर लावला, तर भिंतीवर निळा चौकोन आणि त्यात ‘नो सिग्नल’ हे दोन शब्द. टेबलावर, केबल जिथून वर येते नेमक्या त्या जागी, एक चिठ्ठी चिकटवलेली होती : ‘कोणीही हात लावू नये.’ मी हात लावला नाही. संगणकाच्या सरांना निरोप धाडला. ते दुसऱ्या वर्गावर होते, म्हणून त्यांचा तास संपेपर्यंत वाट पाहणे आले. ते आले तेव्हा माझ्या तासाची जेमतेम दहा मिनिटे उरली होती. त्यांनीही केबलला हात लावला नाही. कळफलकावरच्या दोन कळा दाबल्या आणि चित्र भिंतीवर आले. “आधीच्या तासाला कोणीतरी सेटिंग बदललं होतं, बाई,” एवढे सांगून ते परत गेले. दरम्यान मी फळ्यावर खडूने हृदय काढले होते आणि ते बरे जमलेही होते. पण खडूने काढलेली झडप उघडत नाही आणि मिटतही नाही.

त्या दोन कळा म्हणजे ‘विंडोज’ची कळ आणि ‘पी’. २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून ही सोय प्रत्येक विंडोज संगणकात आहे; म्हणजे मला ती कळली त्याच्या कितीतरी आधीपासून ती माझ्या बोटांखाली होती. या कळा दाबल्या की चार पर्याय समोर येतात. चित्र फक्त संगणकाच्या पडद्यावर, दोन्हीकडे सारखे, दोन्ही पडदे मिळून एक लांब पडदा, किंवा फक्त प्रोजेक्टरवर. वर्गात बहुतेक वेळा दुसरा, म्हणजे ‘डुप्लिकेट’ हाच हवा असतो. ‘एक्स्टेंड’ हा तिसरा पर्याय चुकून निवडला गेला असेल, तर भिंतीवर नुसते डेस्कटॉपचे निसर्गचित्र दिसते आणि शिक्षकाने उघडलेली फाइल त्याच्या एकट्याच्याच पडद्यावर राहते. मुले तळ्याकडे पाहत बसतात आणि शिक्षक परिच्छेद समजावत असतो. चौथा पर्याय निवडला गेला तर संगणकाचाच पडदा काळा होतो आणि यंत्र गेले असा समज होऊन धावपळ सुरू होते. या चारही अवस्था एकदा डोळ्यांनी पाहिल्या की पुढच्या वेळी घाबरायला होत नाही. मला त्या दाखवायला सरांना पाच मिनिटे पुरली असती. पण त्या पाच मिनिटांसाठी कोणत्याही प्रशिक्षणात जागा नव्हती, हे माझे दुखणे आहे. प्रशिक्षणांत आम्हाला सादरीकरणातली अक्षरे उड्या मारत कशी आणायची हे शिकवले गेले.

बिघाड शोधण्याचा क्रम मुळात साधा आहे. विजेपासून भिंतीपर्यंत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बोट फिरवत जायचे. भिंतीवरचे बटण चालू आहे का, एक्स्टेंशन बोर्डाचे वेगळे बटण आहे ते चालू आहे का, प्रोजेक्टरचा दिवा कोणत्या रंगाचा आहे, केबलची दोन्ही टोके नीट आत बसली आहेत का, प्रोजेक्टर त्याच केबलकडे ‘पाहत’ आहे का. शेवटची गोष्ट अनेकांना माहीत नसते. एका प्रोजेक्टरला मागे तीन-चार खाचा असतात आणि कोणत्या खाचेतून चित्र घ्यायचे हे रिमोटवरच्या ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ या बटणाने ठरते. केबल एचडीएमआय या नव्या पद्धतीच्या जोडणीच्या पहिल्या खाचेत आणि प्रोजेक्टर दुसऱ्या खाचेकडे डोळे लावून बसलेला, असे असताना संगणक कितीही वेळा बंद-चालू केला तरी काय उपयोग? सगळे जागच्या जागी असूनही चित्र येत नसेल, तर केबल काढून काही सेकंदांनी परत लावावी. जोडणी होताच प्रोजेक्टर आपण किती आकाराचे चित्र दाखवू शकतो हे संगणकाला कळवत असतो; ही ओळख पहिल्यांदा फसली असेल तर केबल पुन्हा लावल्यावर ती नव्याने होते.

रिमोटवर आणखी दोन बटणे अशी असतात की त्यांनी भल्याभल्यांना फसवले आहे. एकाने चित्र आणि आवाज तात्पुरता झाकला जातो, दुसऱ्याने चित्र जागच्या जागी गोठते. हे गोठवणारे बटण माझ्या एका सहकाऱ्यांच्या हातून नकळत दाबले गेले. भिंतीवरचा बाण हलेना, म्हणून संगणक हँग झाला असे ठरवून त्यांनी तो सरळ बटण दाबून धरून बंद केला आणि जतन न केलेली चाचणीची प्रश्नपत्रिका घालवून बसले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातला हा प्रकार. संगणकाच्या स्वतःच्या पडद्यावर बाण हलतो आहे की नाही, एवढे पाहिले असते तरी दोष कोणाकडे आहे हे कळले असते. म्हणून माझा स्वतःपुरता एक नियम आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तिने काय झाले ते पाहायचे. घाईघाईने केबल, सेटिंग आणि खाच अशा तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या तर चित्र आले तरी ते कशाने आले हे कळत नाही, आणि उद्या तोच बिघाड पुन्हा आला की आपण पुन्हा तिथेच उभे.

जुन्या व्हीजीए केबलविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण अनेक वर्गांत ती अजून आहे आणि तिचा दोष विज्ञानाच्या शिक्षकाला विशेष आवडावा असा आहे. १९८७ साली आलेल्या या जोडणीत तीन रांगांत मिळून पंधरा पिना असतात आणि लाल, हिरवा व निळा या तीन रंगांचे संदेश वेगवेगळ्या पिनांमधून जातात. त्यातली एक पिन नीट टेकली नाही की एकच रंग गायब होतो. एकदा माझ्या वर्गात भिंतीवरचे पांढरे पान पिवळेधमक दिसू लागले. मुलांनी प्रोजेक्टर बिघडला असा निकाल लावला. मी त्यांनाच विचारले, पांढऱ्या प्रकाशातून कोणता रंग वजा केला तर पिवळा उरतो? मागच्या बाकावरून उत्तर आले, “निळा, बाई.” मग निळ्या रंगाची पिन टेकत नाही, हे वर्गानेच ठरवले. पान निळसर-हिरवे दिसले तर लाल गेलेला असतो, जांभळट-गुलाबी दिसले तर हिरवा. दोन्ही यंत्रे बंद करून केबल काढली, सरळ धरून पुन्हा बसवली, दोन्ही बाजूंचे छोटे स्क्रू हाताने आवळले आणि पान पांढरे झाले. प्रकाशाच्या रंगांचे मिश्रण त्या वर्गाला मला परत शिकवावे लागले नाही. एक सावधगिरी मात्र सांगायला हवी : पुष्कळ व्हीजीए केबलींत पंधरांपैकी एक पिन मुळातच बसवलेली नसते. ती तुटली असे समजून चांगली केबल फेकून देऊ नये. आणि वाकलेली पिन दिसली तर जोर लावून खाचेत कोंबू नये, केबलच बदलावी.

आवाजाचे प्रकरण त्या मानाने किरकोळ आहे, पण तक्रारी त्याच्याच जास्त ऐकू येतात. व्हीजीए केबलमधून आवाज जातच नाही. त्यासाठी स्पीकरची वेगळी तार संगणकाच्या हिरव्या खाचेत लावावी लागते, गुलाबी खाच मायक्रोफोनची. एचडीएमआयमधून मात्र चित्राबरोबर आवाजही जातो, आणि तो संगणक आपणहून प्रोजेक्टरकडे पाठवतो. प्रोजेक्टरला स्पीकर नसेल किंवा त्याचा आवाज शून्यावर असेल, तर टेबलावरचे मोठे स्पीकर चालू असूनही मुके राहतात. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कोठे पाठवायचा ते निवडले की झाले. ब्लूटूथ असेल तर आणखी एक गंमत होते : आपली चित्रफीत शेजारच्या वर्गातल्या स्पीकरवर बोलू लागते आणि तिथल्या शिक्षकांचा आपल्याविषयी गैरसमज होतो.

‘बंद करून चालू करा’ या सल्ल्याची शिक्षकांच्या खोलीत फार थट्टा होते. हा सल्ला बरोबर आहे, पण बहुतेक जण तो चुकीच्या पद्धतीने पाळतात. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून एक युक्ती वापरली जाते. ‘शट डाऊन’ केल्यावर उघडे कार्यक्रम बंद होतात, पण यंत्रणेचा गाभा पूर्ण बंद न होता त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच स्थिती परत उचलली जाते. त्या स्थितीत काही अडकलेले असेल तर तेही जसेच्या तसे परत येते. ‘रिस्टार्ट’ केल्यावर मात्र गाभाही नव्याने सुरू होतो. म्हणजे ज्याला आपण अर्धवट उपाय समजतो तो ‘रिस्टार्ट’च खरा पूर्ण उपाय आहे, आणि रोज संध्याकाळी मनोभावे ‘शट डाऊन’ केलेला संगणक काही आठवडे खऱ्या अर्थाने नव्याने सुरूच झालेला नसतो, असे होऊ शकते. हे कळल्यापासून प्रिंटर ओळखला जात नाही, आवाज अचानक गेला, सगळेच संथ झाले, अशा तक्रारींवर मी आधी ‘रिस्टार्ट’ करते. एकच कार्यक्रम अडकला असेल तर तेवढेही लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की चालू कार्यक्रमांची यादी उघडते. त्यातला अडकलेला कार्यक्रम निवडून बंद करता येतो आणि बाकीचे काम शाबूत राहते. बटण दाबून धरून यंत्र बंद करणे हा अगदी शेवटचा मार्ग.

मराठीतून शिकवणाऱ्यांच्या वाट्याला दोन अडचणी खास येतात आणि इंग्रजी माहितीपत्रकांत त्यांचा उल्लेख क्वचितच असतो. पहिली पासवर्डची. मराठीत टंकलेखन करून झाल्यावर कळफलक तसाच मराठीवर राहतो. मग एखाद्या संकेतस्थळावर पासवर्ड भरताना चौकटीत ठिपकेच दिसत असल्यामुळे आपण देवनागरी अक्षरे टाकत आहोत हे कळत नाही, आणि पुन्हा पुन्हा चुकल्यावर खाते तात्पुरते बंद होऊ शकते. पासवर्ड चुकतो आहे असे दिसताच चौकटीजवळचे डोळ्याचे चिन्ह दाबून काय उमटते ते पाहावे, ‘विंडोज’ आणि स्पेसबार दाबून भाषा बदलावी, कॅप्स लॉक आणि नम लॉकचे दिवे पाहावेत. नम लॉक बंद असेल तर उजवीकडच्या आकड्यांच्या कळा आकडे टाकतच नाहीत. दुसरी अडचण फॉन्टची. घरी तयार केलेला मराठी पाठ वर्गातल्या संगणकावर उघडला की त्याची निरर्थक रोमन अक्षरे होतात. फाइल खराब झालेली नसते. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी, सगळीकडे चालणारी पद्धत; तिच्या आधीच्या पद्धतीचा फॉन्ट वापरला की पडद्यावर ‘क’ दिसला तरी फाइलमध्ये भलतेच अक्षर साठवलेले असते. तो फॉन्ट ज्या यंत्रावर नाही तिथे ते मूळ रूप उघडे पडते. युनिकोडमध्ये लिहिणे हा त्यावरचा कायमचा उपाय आहे. जुन्या पाठांची पीडीएफ करून नेणे हा उद्याच्या तासापुरता उपाय झाला, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा सोबतच जातो.

इंटरनेट गेले अशी आरोळी उठली की पहिला प्रश्न विचारावा : फक्त या संगणकाचे गेले की सगळ्यांचे? दुसऱ्या यंत्रावरही येत नसेल तर वर्गातल्या संगणकाशी झटापट करण्यात अर्थ नाही; राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावा किंवा संबंधितांना कळवून पाठ पुढे न्यावा. फक्त याच संगणकाची तक्रार असेल तर लॅपटॉपवरची विमानाचे चित्र असलेली कळ चुकून दाबली गेली आहे का, तारेची जोडणी असल्यास खाचेजवळचा छोटा दिवा लागतो का, हे पाहावे. त्यातल्या एका बिघाडाने मला आठवडाभर चकवले होते. इंटरनेट चालू, पण प्रत्येक संकेतस्थळ ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असे बजावत होते. शेवटी एका मुलीनेच पडद्याच्या कोपऱ्यात बोट दाखवले. तारीख कित्येक वर्षे मागची होती. संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात. संगणकाच्या दृष्टीने ती प्रमाणपत्रे अजून जन्मालाच आलेली नव्हती, मग तो विश्वास कसा ठेवणार? तारीख दुरुस्त केली, पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मागे गेली. यंत्राची वीज बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणारी, नाण्याच्या आकाराची तीन व्होल्टची बॅटरी आत असते, बहुधा सीआर २०३२ या क्रमांकाची. ती संपली होती. ती बदलणे तंत्रज्ञाचे काम. पण तंत्रज्ञाला ‘इंटरनेट चालत नाही’ असे न सांगता ‘रोज सकाळी तारीख मागे जाते’ असे सांगणे हे शिक्षकाचे काम, आणि त्याने त्यांची एक फेरी वाचली.

लिहिता येण्याजोग्या डिजिटल फळ्याबाबत एवढेच सांगते की चित्र एका तारेतून येते आणि स्पर्श दुसऱ्या. चित्र दिसते पण बोटाने काही उमटत नाही, अशा वेळी यूएसबीची तार पाहावी. साधी यूएसबी तार साधारण पाच मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, त्यामुळे दोन तारा जोडून लांब केलेल्या ठिकाणी ही तक्रार हमखास येते. बोट एकीकडे आणि रेघ दुसरीकडे उमटत असेल तर फळ्याच्या कार्यक्रमातले ‘कॅलिब्रेट’ उघडून दाखवलेल्या खुणांवर टेकत जावे. प्रोजेक्टर जरासा हलला तरी हे पुन्हा करावे लागते. पेनड्राइव्हवरचे सगळे फोल्डर अचानक शॉर्टकट झालेले दिसले तर त्यांवर एकदाही क्लिक करू नये. तो विषाणू असतो, फाइली बहुधा लपवलेल्या असतात, पुसलेल्या नसतात. विंडोज १०ला कंपनीकडून सुरक्षेच्या सुधारणांसह मिळणारे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, त्यामुळे अजूनही त्यावर चालणाऱ्या यंत्रांबाबत ही काळजी अधिकच घ्यायला हवी.

आता जिथे खरोखरच हात लावू नये त्या गोष्टी. जळल्याचा वास, ठिणगी, हाताला चटका देणारा प्लग, फुगून वर आलेली लॅपटॉपची बॅटरी, यंत्रावर सांडलेले पाणी : यांपैकी काहीही दिसले तर सुरक्षितपणे पोहोचता येत असेल तेवढ्यापुरते मुख्य बटण बंद करावे, मुलांना दूर करावे आणि तिथे शिक्षकाने शूरपणा दाखवू नये. संगणकाच्या वीजपुरवठ्याचा डबा वीज काढल्यानंतरही आत विद्युतभार धरून ठेवू शकतो, म्हणून तो कधीही उघडू नये. हुशार मुलाला टेबलाखाली घुसून प्लग काढायला सांगण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, तीही बंद व्हायला हवी. विद्यार्थ्यांनी सेटिंग सुचवावे, तारखेकडे बोट दाखवावे, रंग ओळखावा. विजेपाशी मोठ्यांनीच जावे. आणि दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचे बटण बंद करू नये. तास संपल्याची घंटा होताच खटाखट सगळी बटणे पाडणारे आम्ही शिक्षकच दिव्याचे आयुष्य कमी करतो, हे कबूल केले पाहिजे.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला, शिक्षकांच्या हातून यंत्रे आणखी बिघडतील. केबल काढून लावणे, बटण दाबणे, यादीतला पर्याय निवडणे यांनी यंत्र बिघडत नाही. बिघडवते ती घाबरून केलेली ओढाताण, आणि घाबरण्याला खतपाणी घालते ती चिठ्ठी. दुसरा आक्षेप सहकाऱ्यांचा आहे आणि तो मला जास्त रास्त वाटतो : शिक्षकाने आणखी काय काय करायचे? म्हणूनच मी वेळेची मर्यादा मानते. घड्याळ लावून तीन मिनिटे प्रयत्न करायचा, नाही जमले तर खडू हातात घ्यायचा. हा तांत्रिक नाही, अध्यापनाचा निर्णय आहे, आणि तो घेता यावा म्हणून प्रत्येक डिजिटल पाठाला खडू-फळ्याची एक जोड मनात तयार ठेवावी लागते. वर्ग ताटकळत असताना सादरीकरण वाचवण्यासाठी पंधरा मिनिटे खर्च करणाऱ्या शिक्षकाचे तांत्रिक ज्ञान कितीही असो, तास त्याने घालवलेलाच असतो.

तीन मिनिटांत न सुटलेली अडचण वहीत उतरली पाहिजे. आमच्याकडे पूर्वी अशा वहीत ‘संगणक बंद’ एवढेच लिहिलेले असे, आणि तंत्रज्ञ येऊन बघतात तो संगणक व्यवस्थित चालू. आता कोणता तास, पडद्यावर नेमके कोणते शब्द, आधी काय केले होते, काय करून पाहिले, हे लिहितो. संदेश लांब असेल तर फोनने त्याचे छायाचित्र काढतो. या वहीचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. एका वर्गातला प्रोजेक्टर ‘मध्येच बंद पडतो’ अशी तक्रार चार शिक्षकांनी वेगवेगळ्या दिवशी केली होती. नोंदी एकाखाली एक वाचल्यावर दिसले की तो नेहमी सलग दुसऱ्या तासाच्या मध्याला बंद पडतो, आणि बंद पडताना तापमानाचा दिवा लुकलुकतो. हवेच्या जाळीवर बोट फिरवले तर बोट पांढरे. प्रोजेक्टर फळ्याच्या जवळ बसवलेला होता आणि वर्षभराची खडूची धूळ त्याच्या फिल्टरमध्ये जाऊन बसली होती. यंत्र बंद आणि थंड असताना फिल्टर काढून साफ केला, आणि नवा प्रोजेक्टर मागवण्याचा तयार झालेला अर्ज मागे घेतला.

मुख्याध्यापकांकडे आणि व्यवस्थापनाकडे माझ्या मागण्या फार नाहीत. वर्गातल्या कपाटात एक जादा केबल असावी, कारण केबल बिघडली आहे की नाही हे चांगली केबल लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना सारख्या रंगाची पट्टी असावी. जोडणी बरोबर असतानाचे एक छायाचित्र टेबलाजवळ लावावे. रिमोट कपाटात कुलूपबंद नसावा आणि त्यात चालू बॅटऱ्या असाव्यात. संगणक आपणहून सुधारित होऊन तासाच्या मध्येच रिस्टार्ट होऊ नये म्हणून कामाच्या वेळा त्यात नोंदवून ठेवण्याची सोय असते, ती संगणकाच्या शिक्षकांनी एकदा वापरावी. शिक्षकांनी आपल्या बाजूने एवढे करावे की भिंतीवर चित्र आणण्यापूर्वी फोनचे व संदेशांचे खाते संगणकावर उघडे नाही ना, हे पाहावे. घरचा निरोप सगळ्या वर्गासमोर भिंतीवर झळकला, की त्या आठवड्यात शिकवलेले मुले विसरतात, तो निरोप विसरत नाहीत.

प्रशिक्षण देणाऱ्यांना एक सूचना करते. व्याख्यान नको, सादरीकरण तर नकोच. आम्ही सुट्टीच्या एका दुपारी चार सहकारी बसलो आणि संगणकाच्या सरांना एका वर्गात मुद्दाम सहा बिघाड करून ठेवायला सांगितले : एक्स्टेंशनचे बटण बंद, प्रोजेक्टर भलत्या खाचेवर, आवाज प्रोजेक्टरकडे, कळफलक मराठीवर, डिजिटल फळ्याची यूएसबी तार सैल, पडदा ‘एक्स्टेंड’वर. गणिताचे सर थेट सेटिंगमध्ये शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. संस्कृतच्या बाईंनी मात्र पदर खोचला, प्लगपासून तारेवर बोट ठेवले आणि टेबलाखालून प्रोजेक्टरपर्यंत गेल्या. पहिले दोन आणि पाचवा बिघाड त्यांना त्या एकाच फेरीत सापडला, उरलेले तीन आम्ही त्यांच्या मागोमाग जाऊन काढले. पुढच्या वेळी बिघाड करून ठेवण्याचे काम त्यांनी मागून घेतले आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका